शंभरातले दोघे

फुकट ह्या शब्दावर मराठी माणसाचं जितकं प्रेम आहे, तितकाच त्याचा त्या शब्दावर संशयही आहे. भाजीवालीकडे कोथिंबिरीच्या चार काड्या आपण हक्कानं मागतो. पण तिनं त्या न मागता पिशवीत टाकल्या, की घरी जाऊन आधी वांगी उलटीपालटी करून बघतो. फुकट जेवायला कोणाची ना नसते, आणि फुकट जेवणाऱ्याला फुकट्या म्हणायला हात वाळायचीसुद्धा आपण वाट बघत नाही.

मी बँकेत कारकून आहे आणि शिक्षण कॉमर्सचं आहे. ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणसातलं काव्य मरतं, हे मला मान्य आहे. पण एक गोष्ट पक्की कळते. कोणाच्या तरी नावे पडल्याशिवाय कोणाच्याही खात्यात काही जमा होत नाही. संध्याकाळी रोकड मोजताना पाच रुपये जास्त निघाले, तर नवा कारकून खूश होतो आणि जुना घाबरतो. कमी निघाले तर खिशातून घालता येतात. जास्त निघाले म्हणजे कोणाचे तरी आपल्याकडे आलेत, आणि तो कोण हे कळल्याशिवाय जुन्या कारकुनाला घरचा चहा गोड लागत नाही. जगात जे जे फुकट मिळतं त्याच्याकडे मी असंच बघतो. हे पाच रुपये कोणाचे?

आमच्या चंद्रपुरात राहून ही सवय फार लवकर लागते. पुण्या-मुंबईची मंडळी ताडोब्याला येतात. जिप्सीचे पैसे, गाईडचे पैसे, प्रवेशाचे पैसे, राहण्याचे पैसे. तीन दिवस धूळ खातात, वाघाच्या पावलाच्या ठशाचा फोटो काढतात आणि परत जातात. वाघ दिसला नाही म्हणून पैसे परत मिळत नाहीत. आणि इकडे आमच्या वीजकेंद्राच्या परिसरात रात्रपाळीहून स्कूटरवर घरी निघालेल्या माणसाला वाघ रस्त्यात आडवा बसलेला फुकट दिसतो! पाहुण्यांना हे सांगताना आमची छाती फुगते. पण मूल-सावलीकडच्या एखाद्या खेड्यातली बाई पहाटे मोहफुलं वेचायला जाते आणि दुपारपर्यंत परतत नाही, तेव्हा ह्या फुकटच्या वाघाचं बिल कोणाच्या नावे फाटतं हे कळतं. विजेचंही तसंच. २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आमच्या उशाशी आहे. मुंबईत बटण दाबलं की लख्ख दिवा लागतो. त्याची राख आमच्या दोरीवरच्या धोतरावर असते.

तेव्हा फुकट म्हणजे ज्याचं बिल आपल्याला दाखवलेलं नाही अशी वस्तू, ही माझी व्याख्या. आता ही व्याख्या हातात घेऊन मी ज्या प्रश्नात अडकलो आहे तो सांगतो.

आमचे बाबा शाळेत मास्तर होते. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे जवळजवळ गेले. ज्या माणसानं जन्मभर पेपर जाहिरातींसकट वाचला, त्याच्या हातून पेपर सुटला. मग रेडिओ आला आणि त्याच्या मागोमाग माझ्या मुलीच्या कृपेनं मोबाईल. मोबाईलवर एक मराठी कार्यक्रम आहे. आठवड्यातून एकदा एक गृहस्थ आणि एक बाई तासभर बोलतात. कधी एखाद्या पुस्तकाविषयी, कधी इतिहास, कधी मुंग्या, कधी गणित. अगदी घरच्यासारखं, न ओरडता. त्याला पॉडकास्ट म्हणतात. बाबा त्याला 'मोबाईलवरची आकाशवाणी' म्हणतात, आणि माझ्या मते तेच जास्त बरोबर आहे. मे महिन्यात बाहेर सत्तेचाळीस डिग्री, घरात कुलरची घरघर, आणि त्या घरघरीत मोबाईल कानाला चिकटवून आमचे बाबा मुंग्यांच्या राज्यकारभारावर मान डोलावतायत, हे दृश्य आमच्याकडे नेहमीचं आहे.

कार्यक्रमाला पैसे पडत नाहीत. जाहिरात नाही. फक्त शेवटी ती बाई जरा अवघडलेल्या आवाजात सांगते, "हा कार्यक्रम सर्वांसाठी मोफत आहे आणि मोफतच राहील. ज्यांना शक्य आहे त्यांनी ऐच्छिक देणगी द्यावी."

ह्या एका वाक्यानं आमच्या घरात आणि ऑफिसात जितका वाद झाला, तितका अर्थसंकल्पावरसुद्धा होत नाही.

आमचे हेड कॅशियर ब्रह्मपुरीकडचे. मी त्यांना सहज विचारलं. ते नोटा मोजता मोजताच म्हणाले, "का जी भाऊ, हवा फुकट, ऊन फुकट, मंग आवाजाचेच पैसे कायले? मी नाही आयकलं तं थो का कमी बोलनार हाये?"

हा युक्तिवाद वाटतो तितका पोकळ नाही. मी एक लाडू खाल्ला की जगातला एक लाडू कमी होतो. पण मी तासभर कार्यक्रम ऐकला म्हणून जगातला तासभर कार्यक्रम कमी होत नाही. उलट तो आहे तेवढाच राहून आणखी लाख माणसांना पुरतो. कॉमर्सला आम्हाला असल्या वस्तूंचा एक धडा होता आणि त्यात दीपगृहाचं उदाहरण होतं. एका जहाजानं दिवा बघितला म्हणून दुसऱ्याला उजेड कमी पडत नाही. समुद्रापासून शेकडो मैल लांब, कोळशाच्या खाणीशेजारी बसून आम्ही ते दीपगृह घोकून पाठ केलं आणि परीक्षेत लिहिलं. त्या दीपगृहाची कधी गाठ पडेल असं वाटलं नव्हतं. ती अशी पडली.

मी हेड कॅशियरांना म्हणालो, "पण साहेब, सगळेच असं म्हणाले तर?"

ते शांतपणे म्हणाले, "सगळे कुठं म्हनतात जी? देनारे देतातच!"

ह्या उत्तरावर मला आठ दिवस काही सुचलं नाही. कारण ते खरं आहे. आणि ते खरं आहे हे एका अमेरिकन गृहस्थानं फार पूर्वीच ताडलं होतं. लुईस हिल त्याचं नाव. १९४९ साली त्यानं आणि त्याच्या मित्रांनी कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात केपीएफए नावाचं रेडिओ केंद्र सुरू केलं. जाहिरात घ्यायची नाही, सरकारच्या दारी जायचं नाही, ऐकणाऱ्यांनी आपखुशीनं दिलेल्या वर्गणीवर चालवायचं, असा बेत. त्याचा हिशेब असा होता, की शंभर ऐकणाऱ्यांपैकी दोघांनी वर्षाला दहा डॉलर दिले तरी पुरे. अठ्ठ्याण्णव जणांनी नुसतं ऐकावं. केंद्र आजही चालू आहे.

शंभरात दोन! हा माणूस कधी महाराष्ट्रात आल्याचं माझ्या वाचनात नाही, पण त्याला आमच्या ऑफिसची इतकी अचूक माहिती कशी मिळाली कोण जाणे. कुठल्याही टपरीवर दहा जण चहा प्यायला उभे राहिले की खिशाकडे हात जाणारे ठरलेले असतात. बाकीच्यांना त्या क्षणी आभाळ बघायचं असतं. कॉलनीत गणपतीचा मांडव दुसऱ्या दिवशी सोडायला येणारे दोघेच. स्मशानात लाकडांचं, गोवऱ्यांचं बघणारे दोघेच. जग शंभरातल्या दोघांवर चाललेलं आहे आणि बाकीच्या अठ्ठ्याण्णवांना त्यांची नावंही नीट ठाऊक नसतात. तेव्हा प्रश्न 'सगळ्यांनी दिलं नाही तर काय' हा नाहीच. प्रश्न असा, की त्या दोघांत मी कशाला असावं? मीच का?

ह्या 'मीच का'तून सुटका व्हावी म्हणून माणसानं रेडिओच्या बाबतीत नाना उपाय करून पाहिले. पहिला उपाय धाकाचा. इंग्लंडात १९२२ सालापासून रेडिओ ऐकायला दहा शिलिंगांचा परवाना लागायचा. आपल्याकडेही १९३३ च्या कायद्यानं बिनपरवाना रेडिओ बाळगणं हा गुन्हा होता. बाबांनी नोकरी लागल्यावर रेडिओ घेतला, तेव्हापासून ते दर वर्षी पोस्टात जाऊन पंधरा रुपये भरत. त्याचं एक छोटं पुस्तक असायचं, त्यावर पोस्टाचा शिक्का पडायचा. ते पुस्तक आमच्या कपाटात अजून आहे. घरचं रेशनकार्ड दोनदा हरवलं, पण हे हरवलं नाही. १९८५ साली सरकारनं परवाना रद्द केला, तेव्हा बाबांना आनंद होण्याऐवजी जरा अपमान झाल्यासारखं वाटलं. "म्हणजे आता कोणीही ऐकू शकतो!" असं ते म्हणाल्याचं आई सांगायची.

दुसरा उपाय जाहिरातीचा. विविध भारती १९५७ साली सुरू झाली आणि १९६७ च्या एक नोव्हेंबरपासून मुंबई, पुणे आणि आमचं नागपूर इथून तिच्यावर जाहिराती लागल्या. ह्यात ऐकणाऱ्याला दमडी पडत नाही. पण गाणं आपल्यासाठी असतं आणि आपण दंतमंजनवाल्यासाठी असतो, एवढा फरक पडतो. शिवाय दंतमंजनाला गिऱ्हाईक नाही असा विषय त्या वाटेनं येत नाही. मुंग्यांच्या राज्यकारभाराला कोण जाहिरात देणार? मुंग्यांचं औषध विकणारासुद्धा देणार नाही.

तिसरा उपाय सरकारी तिजोरीचा. हा चांगला, कारण त्यात खेड्यातल्या माणसालाही बातमी आणि पिकाचा भाव ऐकू येतो. पण तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असते. अमेरिकेत सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी आधी मंजूर झालेले सुमारे एकशे दहा कोटी डॉलर तिथल्या काँग्रेसनं २०२५ साली परत घेतले. ज्या लहान गावातल्या केंद्रांचा ह्या पैशावर मोठा आधार होता, ती पुन्हा ऐकणाऱ्यांच्या दारात उभी राहिली.

आणि चौथा उपाय म्हणजे ही अवघडलेल्या आवाजातली बाई.

आता आपल्याला हा चौथा उपाय परका आहे असं मुळीच नाही. आपण तो देवळात शेकडो वर्षं चालवला. कीर्तनाला तिकीट नाही. बुवा दोन तास उभे राहून घसा कोरडा करतात, ज्याला जिथं जागा मिळेल तिथं तो बसतो, आणि शेवटी आरतीचं ताट फिरतं. त्या ताटाभोवती माणसाच्या स्वभावाचं जितकं दर्शन होतं, तितकं खुद्द निरूपणात होत नाही. ताट चार माणसांवर आलं की काहींना देवाचं इतकं ध्यान लागतं की डोळेच उघडत नाहीत. काहीजण ताटातल्या नाण्यांकडे बघून आपलं नाणं ठरवतात. एकजण पन्नासची नोट टाकतो आणि ताटातून चाळीस मोजून परत घेतो. वर नोट टाकताना मात्र सगळ्यांना दिसेल अशी टाकतो. आणि एखादी म्हातारी कनवटीच्या गाठीतून एक नाणं काढते, ते ताटात पडल्याचा आवाजसुद्धा येत नाही.

तरीही ताटात पैसे जमतात, कारण शेजारी बसलेला बघत असतो. तिथं धाक नसला तरी लाज असते. झाडीपट्टीच्या नाटकालाही तेच. दिवाळी झाली की वडशाच्या कंपन्या गावोगाव निघतात, रात्रभर नाटक चालतं. कनातीबाहेर थंडीत घोंगडी पांघरून नुसती गाणी ऐकणारे असतातच. पण ओळखीचा कोणी दिसला की ते म्हणतात, "तिकिट काढाले चाललो होतो गा!"

मोबाईलवर ही सोय नाही. तिथं ताट माझ्या एकट्यासमोर येतं. मी डोळे मिटलेत की उघडे आहेत हे कोणाला दिसत नाही. मी दिलं तर कोणी बघत नाही, नाही दिलं तरी कोणी बघत नाही. धाक नाही, लाज नाही, पुण्याची हमी नाही, कारण ती बाई 'देव तुमचं भलं करो' असंही म्हणत नाही. ह्या सगळ्या गोष्टी काढून टाकल्यावर माणसापाशी देण्यासाठी काय कारण उरतं? माझ्या मते पंचवीस तत्त्वज्ञांनी पुस्तकं लिहावीत असा हा प्रश्न आहे आणि तो मला रात्री साडेनऊ वाजता, भांडी घासायचा आवाज चालू असताना, मोबाईलनं विचारला.

ह्यावर आमच्या सौभाग्यवतीचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणाली, "आधी घरचं बघावं. दुधाचं बिल, पोरीची फी, बाबांचे थेंब. उरलं तर द्यावं." मी हे सगळं कंजूषपणात जमा करणार होतो. पण 'दुधाचं बिल' म्हटल्याबरोबर मला श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवली.

कहाणी आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. राजाच्या मनात आलं, महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. दवंडी पिटली, घरातलं थेंब न थेंब दूध देवळात आणा. लोक घाबरले. वासरं तहानलेली, पोरं रडतायत, आणि सगळं दूध गाभाऱ्यात. तरी गाभारा भरेना! दुपारी एक म्हातारी आली. तिनं घरच्या पोराबाळांना, लेकीसुनांना पाजलं होतं, वासरांना सोडलं होतं. उरलेलं खुलभर दूध तिनं देवावर ओतलं आणि गाभारा भरला.

ही कहाणी लहानपणी मला चमत्काराची वाटायची. आता ती हिशेबाची वाटते. राजाच्या मोजणीत एक गफलत होती. दूध किती आलं ते त्यानं मोजलं, कशातून आलं ते मोजलं नाही. वासराच्या तोंडचं काढून आणलेलं दूध हे भक्तीच्या खात्यात जमा होत नाही, ते वासराच्या नावे पडतं. म्हातारीचं खुलभरच होतं, पण त्यामागं कोणाचं येणं राहिलेलं नव्हतं. तेव्हा सौभाग्यवतीचं म्हणणं बरोबर ठरतं. आधी घरचं. पण कहाणीचा शेवट ती सोयीस्करपणे गाळते, तो असा, की घरचं झाल्यावर म्हातारी देवळात गेली. उरलेलं खुलभर तिनं विरजणाला लावलं नाही.

आणि ह्या कहाणीत आणखी एक गंमत आहे. राजाला गाभारा आपल्या नावानं भरायचा होता. पैसे दिले की माणसाला मत फुटतं, हा माझा अनुभव आहे. ताटात शंभराची नोट टाकणारा उठून बुवांपाशी जातो आणि म्हणतो, "पुढच्या वेळी द्रौपदी वस्त्रहरण घ्या." शाळेला कपाट देणाऱ्याला हेडमास्तरांच्या खुर्चीत बसून चहा लागतो. बागेतल्या बाकावर तर पाठीला देणाऱ्याचं नाव टोचल्याशिवाय बसताच येत नाही. उद्या एखाद्या धनिकानं त्या कार्यक्रमाचा सगळा खर्च उचलला, तर मुंग्यांविषयी काय बोलायचं ते तो ठरवील. म्हणून एका राजाच्या हंड्यापेक्षा हजार म्हाताऱ्यांची खुलं बरी. त्यांतल्या कुठल्याच म्हातारीला गाभारा माझा असं म्हणता येत नाही.

मग ह्या देण्याला नाव काय द्यावं? मराठीत देण्याला शब्दांची ददात नाही. फी दिली की आपण सेवा मागू शकतो. बिदागी बुवांना निघताना, नारळासकट. बलुतं सुताराला सुगीला. त्यानं वर्षात नांगर किती वेळा दुरुस्त केला हे कोणी मोजत नसे. वर्गणी म्हणजे आपण ज्यात आहोत त्याचा आपला वाटा. आणि दान म्हणजे वरून खाली पडणारी वस्तू. माझ्या मनाला हे देणं दान वाटत नाही. बलुत्याच्या आणि वर्गणीच्या मधलं काहीतरी वाटतं. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गोंडांचं गाव आहे. २००९ साली गावाला आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. गावाचे निर्णय सगळ्यांच्या सहमतीनं होतात आणि कमाईतला हिस्सा गावाच्या कोषात पडतो. तिथं कोणी मी दान केलं म्हणत नाही. विहिरीत आपण दोर सोडतो, तसा तो हिस्सा असतो.

आणि ज्याच्यापाशी दोरच नाही त्याचं काय? ह्याचं उत्तरही जंगलातच आहे. शेजारच्या छत्तीसगडात शुभ्रांशु चौधरी ह्या पत्रकारानं २०१० साली 'सीजीनेट स्वर' सुरू केलं. साध्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायचा, तिकडून उलट फोन येतो. मग आपल्या गोंडीत आपली अडचण सांगायची, दुसऱ्याची ऐकायची. हातपंप बिघडलाय, मजुरी मिळाली नाही, असल्या गोष्टी, पेपरात ज्यांना जागा नाही. मिस्ड कॉलला पैसे पडत नाहीत. उलट आलेल्या फोनचे पडतात, ते तिकडच्यांना. आमच्याकडे भामरागड तालुक्यात हेमलकशाला १९७३ सालापासून लोकबिरादरीचा दवाखाना आहे. माडिया बाई पोर काखेला मारून कित्येक कोस चालत येते, औषध घेऊन जाते. तिचं बिल पुण्या-मुंबईच्या आणि आणखी कुठकुठल्या माणसांच्या नावे पडतं. तिला ती ठाऊक नाहीत, त्यांना ती ठाऊक नाही. 'जो ऐकेल त्यानं भरावं' हा नियम केला तर हिशेब चोख होईल, पण हातपंप बिघडल्याचं सांगणारी बाई गप्प होईल. म्हणजे त्या अठ्ठ्याण्णवांत नुसते आभाळ बघणारेच नसतात. त्यांत ज्यांच्यापाशी खरोखरच काही नाही असेही असतात, आणि कोण कुठला हे तपासायला बसलं तर तपासणीतच पैसे संपतील. शंभरातल्या दोघांनी हे तपासायचं नाही, एवढंच त्यांचं मोठेपण.

हे सगळं मी बाबांना समजावून सांगितलं. म्हटलं, "तुमच्या कार्यक्रमाला मी दर महिन्याला काहीतरी देणार आहे."

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ऐकतो मी. तू का देणार?"

मी म्हटलं, "एकच की हो बाबा."

"एकच कसं?" ते म्हणाले. "डोळे गेल्यापासून सगळं तुम्ही लोकच देता. पाणी देता, ताट वाढून देता, हात धरून अंगणात नेता. हे एक मला देऊ दे. माझ्या पेन्शनमधून."

आमच्या जिल्ह्यात हे काही नवं तत्त्वज्ञान नाही. वरोऱ्याला १९४९ साली बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती काढली. ज्यांना सगळ्या जगानं भीक घातली होती त्यांच्या हातात त्यांनी कुदळ दिली, माग दिला. नुसतं दान माणसाला दुबळं करतं आणि काम उभं करतं, असं ते जन्मभर सांगत आले. मी हे शाळेपासून ऐकत होतो आणि ते आनंदवनातल्या लोकांविषयी आहे असं समजत होतो. पलंगावर बसलेल्या मास्तरांनाही ते लागू आहे, हे त्या दिवशी दिसलं. घेणाऱ्याला सतत घ्यायलाच लावणं ही सुद्धा एक तऱ्हेची सावकारीच की! त्या बाईच्या अवघडलेल्या वाक्यानं आमच्या बाबांकडे काहीतरी मागितलं. गेल्या चार वर्षांत त्यांच्याकडे कोणी काही मागितलं नव्हतं.

मग रक्कम ठरली. बाबांनी खूप विचार केला. पंधरा रुपये त्या काळचे, आताचे किती, ह्या हिशेबात मी मदत करू लागलो तर त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "महिन्याला एका नारळाचे." देवळात जाताना नेतो तेवढं. नारळ महागला की हेही वाढेल, कोणाला काही सांगायला नको. बँकेत वाढीव महागाई भत्त्याचं सूत्र ह्याहून बरंच अवघड आहे.

आता दर पहिल्या तारखेला बाबा उशीखालून नोट काढून माझ्या हातावर ठेवतात, ती बोटांनी चाचपून. मी त्यांच्यासमोर मोबाईलवरून तेवढेच पैसे पाठवतो. टिंग वाजतं. ते म्हणतात, "पावती?" मी म्हणतो, "संदेश आलाय बाबा." ते म्हणतात, "संदेश म्हणजे पावती नव्हे." म्हणून मी ऑफिसातून कोरं पासबुकासारखं दिसणारं नव्हे, बाजारातून विकत घेतलेलं एक छोटं पुस्तक आणलं आहे. त्यात तारीख, रक्कम आणि खाली माझी सही. शिक्का नाही, ह्याची त्यांना अजून रुखरुख आहे. ते पुस्तक परवान्याच्या जुन्या पुस्तकाशेजारी, त्याच कप्प्यात असतं.

हेड कॅशियरांना मी हे सांगितलं. ते नोटा मोजायचे थांबले, हे आमच्या शाखेत सहसा घडत नाही. म्हणाले, "बुवा देते, ते ठीक आहे जी. त्याहीले लागते ते. पन तुमी काहून नाही देत?"

प्रश्न रास्त आहे. बाबांचा नारळ बाबांचा झाला. भांडी आवरता आवरता तो कार्यक्रम मीही ऐकतोच, सौभाग्यवतीही ऐकते. दुधाचं बिल परवाच दिलंय, पोरीची फी भरलीय, बाबांचे थेंब महिनाभर पुरतील एवढे आहेत. म्हणजे कहाणीतली अट पुरी झालेली आहे आणि खुलभर शिल्लकही आहे.

हेड कॅशियरांना मी विचारलं, "आणि तुम्ही?"

ते पुन्हा नोटा मोजू लागले. पण मध्येच चुकले असावेत, कारण तीच थप्पी त्यांनी तीनदा मोजली.